वीस मीटरवरचा रणगाडा

जून 1941. जर्मन रणगाडे सोव्हिएत हद्दीत घुसले, तेव्हा त्यांना थोपवायला खंदकातल्या पायदळाकडे फारसं काही नव्हतं. सैनिक मग साधे आरजीडी-33 हातबॉम्ब पाच-पाचच्या जुडीत बांधायचे. मधल्याची मूठ एकीकडे, बाकी चारांच्या मुठी उलट दिशेला. मधला फुटला की त्याच्यासोबत सगळी जुडी उडायची.

रणगाड्यासाठी खास घडवलेला हातबॉम्ब होता आरपीजी-40. वजन 1.2 किलो, त्यात 760 ग्रॅम टीएनटी हे स्फोटक. आदळताक्षणी फुटायचा आणि निव्वळ दणक्याच्या जोरावर 20 ते 25 मिलिमीटरचं चिलखत फोडायचा. पण चिलखतं जाड होत गेली. 1943 पर्यंत जर्मनांच्या पँझर-4 रणगाड्याचं समोरचं चिलखत 80 मिलिमीटरवर पोचलं होतं.

त्याच वर्षी आरपीजी-43 आला. याच्या स्फोटकात पुढून शंकूसारखी पोकळी, तिला आतून धातूचा पातळ पत्रा. स्फोट झाला की त्या पत्र्याची बारीक, अतिवेगवान धार होते आणि 75 मिलिमीटर पोलाद भेदते. मात्र बॉम्बचं तोंड थेट चिलखतावर आपटायला हवं. वेडावाकडा पडला तर धार वाया. म्हणून मुठीपाशी कापडी पट्ट्या घडी घालून ठेवलेल्या असायच्या. हातातून सुटला की त्या मागे फडफडायच्या आणि बॉम्बला सरळ धरायच्या. एवढं अवघड विज्ञान, आणि त्याचा नेम कापडाच्या दोन पट्ट्यांवर! पाठोपाठ आलेल्या आरपीजी-6 नं भेदनाची मजल 100 मिलिमीटरवर नेली.

फेक मात्र माणसाच्या दंडाचीच राहिली. फार तर 15 ते 20 मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीएवढं अंतर. तेवढ्या जवळ रणगाडा येईपर्यंत थांबायचं, आणि फेकल्याबरोबर खंदकात अंग टाकायचं, नाहीतर स्वतःच्याच बॉम्बचा तडाखा. हे थांबणं मुद्दाम शिकवलं जाई. सरावात सैनिकांना खंदकात बसवून त्यांच्या डोक्यावरून आपलेच रणगाडे नेत. जमीन हादरायची, कडेची माती अंगावर ढासळायची. खोल खंदकात माणूस जिवंत राहतो, ही खात्री ज्याच्या अंगात मुरली, तोच पुढे शत्रूचा रणगाडा डोक्यावरून जाऊ देई, मग उठे आणि मागच्या बाजूला, इंजिनावर बॉम्ब टाकी. तिथलं चिलखत पातळ.

पण रणगाड्यामागून जर्मन पायदळ येत असे. उठलेला माणूस त्यांना उघडा दिसे. शेजारच्या खंदकातली मशीनगन त्या पायदळाला जमिनीवर लोळवून ठेवू शकली, तरच त्याला दुसरा बॉम्ब फेकायची संधी मिळे.