भिंतीचा अंगरखा
(साताऱ्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

निमंत्रणपत्रिकेवर विषय ‘घराच्या बाह्य भिंतींसाठी क्लॅडिंगची निवड’ असा छापला आहे, क्लॅडिंग म्हणजे भिंतीवर बाहेरून चढवलेले आवरण, आणि त्यासाठी कोणते साहित्य घ्यावे हे मी शेवटी सांगणारच आहे. मात्र त्याआधी टेबलावर ठेवलेल्या या काळ्या दगडाच्या फरशीची हकिकत ऐकावी, अशी माझी विनंती आहे. फरशी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि 20 मिलीमीटर जाडीची असून तिचे वजन साडेदहा किलोच्या आसपास आहे. ती माझ्या स्वतःच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीवरून निखळलेली आहे.

आपल्याकडे पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो, हे साताऱ्यात कोणाला सांगायला नको. चार भिंतींपैकी तीन बऱ्यापैकी कोरड्या राहतात आणि चौथी सगळे सोसते. त्या चौथ्या भिंतीला ओल येऊ लागली, आतल्या रंगाचे पोपडे सुटले, तेव्हा एका ठेकेदाराने बाहेरून दगड लावण्याचा सल्ला दिला आणि मी तो मानला. दोन पावसाळे भिंत देखणी दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका रात्री, मोठा आवाज झाला. सकाळी पाहिले, तर फरशी तुळशीवृंदावनापासून हातभर अंतरावर पडलेली होती. आदल्या संध्याकाळी माझी आई नेमकी तिथेच दिवा लावत होती.

फरशी मी उलटी केली. पाठीवर सिमेंटचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, आणि बाकी सगळी पाठ मोकळी होती. गोळ्यांच्या कडेने ओलीबरोबर वर आलेल्या क्षारांची पांढरी रेघ उमटली होती आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी माती आणून घर केले होते. भिंतीवरचा गिलावा बोटाने दाबला, तर भिजलेल्या भाकरीसारखा दबत होता. नंतर उरलेली भिंत हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. जवळजवळ प्रत्येक तिसरी फरशी बद्द वाजत होती. दरजांतून शिरलेले पाणी त्या बंद पोकळीत साचत होते, त्याला खाली उतरायला वाट नव्हती, वाळायला वारा नव्हता, म्हणून ते आत, घराकडे निघाले होते. ओल थांबवण्यासाठी लावलेल्या दगडानेच ती भिंतीत कोंडून ठेवली होती, आणि हे काम माझ्या देखरेखीखाली झाले, याची खंत मला आजही आहे.

याचे उत्तर मला महाबळेश्वरात मिळाले. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्याच्या तोंडावर तिथली माणसे बांबूच्या चौकटींवर कोळंबाचे गवत बांधून घराला झड्या लावतात. हल्ली गवताच्या जागी अनेकदा प्लास्टिक दिसते, पण मूळ तत्त्व गवतात अधिक स्पष्ट आहे. झडी भिंतीला चिकटवलेली नसते. पावसाचा मार ती स्वतः घेते, बहुतेक पाणी गवताच्या काड्यांवरून खाली उतरते, आणि जो काही ओलावा मागे जातो, तो झडी व भिंत यांच्यामधल्या फटीत वाऱ्याने सुकतो. दाट दरजांची, आठ-दहा प्रकारचे रसायन फासलेली कातडी नव्हे, तर अंगापासून किंचित सुटा राहणारा अंगरखा भिंतीला हवा असतो. बाहेरच्या देशांत आज महागड्या चौकटींवर जे सुटे आवरण बसवतात, त्याचे तत्त्व हेच आहे. माझ्या भिंतीतही पोकळी होतीच. तिला खाली पाणी सोडणारे आणि वर हवेला वाट देणारे तोंड नव्हते, एवढाच फरक होता.

याच ठिकाणी जांभ्याविषयी, पाचगणीच्या पठारावरील त्याच्या थराविषयी आणि मेणवलीच्या वाड्यातील चुन्याच्या कामाविषयी सविस्तर बोलण्याचा विचार होता. परंतु संयोजकांनी दहा मिनिटे उरल्याची खूण केली आहे, त्यामुळे आता थेट साहित्याकडे वळतो.

काळा दगड उत्तम आहे, पण जड आहे. 20 मिलीमीटर जाडीच्या दगडाने दहा बाय दहा फुटांची भिंत मढवली, तर तिच्यावर सुमारे सव्वापाच क्विंटल भार येतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने हादरलेला हा जिल्हा आहे. म्हणून माणसाच्या डोक्यापेक्षा उंच जाणारा दगड केवळ चिकटवू नये, गंज न धरणाऱ्या पोलादी पकडींनी भिंतीला धरावा. खाली चिकटवायचाच असेल, तर खाचा पाडणाऱ्या थापीने पूर्ण पाठीवर मसाला पसरावा, गोळे ठेवू नयेत. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे साधे सिमेंट तिला धरत नाही. तिला पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्हच लागते.

अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे हलके असतात, पण तीन मीटरचा पत्रा 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ तीन मिलीमीटर वाढतो, तेवढी जागा जोडात सोडावी लागते. दोन पत्र्यांमध्ये पॉलिथिनचा गाभा असलेले पॅनेल मात्र घराला लावूच नये. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी अशाच आवरणावरून आग वर चढली आणि 72 माणसे दगावली. सिमेंट-फायबरचे तक्ते चौकटीवर, मागे बोटभर फट ठेवून बसवले, तर खर्च आणि टिकाऊपणा या दोन्ही दृष्टींनी आपल्या पश्चिम भिंतीला ते मला सर्वांत योग्य वाटतात. फटीच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावावी, नाहीतर मुंग्या आणि पाली आधी राहायला येतात.

बाकीच्या तीन भिंतींना चांगला गिलावा, खिडकीवर पुरेसा छज्जा आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच एवढे पुरते. तिथे क्लॅडिंगवर पैसे घालू नयेत. आणि आधीच ओल धरलेली भिंत कोणत्याही साहित्याने मढवण्यापूर्वी गळतीचे मूळ शोधावे, सुटलेला गिलावा काढावा आणि एक उन्हाळा तिला उघडी वाळू द्यावी. ठेकेदार घाई करील, पण चैत्र-वैशाखाचे ऊन फुकट मिळते. ज्यांना फरशीची पाठ पाहायची असेल, त्यांनी टेबलापाशी यावे. फक्त ती दोन्ही हातांनी उचलावी.