वरळीच्या टेपा

[टॉवर, खालून वर]
वरळीचा टीव्ही टॉवर. उंची 300 मीटर. आता भोवतीच्या इमारतींनी त्याला घेरलंय, पण एकेकाळी घरावरची अँटेना नीट बसवायची तर तोंड याच्याकडे करावं लागायचं.

2 ऑक्टोबर 1972. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं. दिल्लीत टीव्ही आला 1959 साली. देशातलं दुसरं केंद्र मुंबईला मिळायला तेरा वर्षं गेली. तेव्हा ते आकाशवाणीच्याच पदराखाली होतं. दूरदर्शनचा संसार वेगळा झाला 1976 मध्ये. त्याआधीच, 1973 साली सिंहगडावर प्रक्षेपक बसला आणि पुण्याच्या गच्च्यांवरही अँटेना दिसू लागल्या.

[जुने फोटो, स्टुडिओ]
चॅनेल एकच, तेही संध्याकाळपुरतं. त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असे सगळे वाटेकरी. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’, पोरांसाठी ‘किलबिल’, हसायला ‘गजरा’, गुजरातीत ‘आवो मारी साथे’. बातम्या वाचणाऱ्यासमोर टेलिप्रॉम्प्टर नाही. हातात कागद, वाक्य संपता संपता मान वर करायची. सिनेमात नाव होण्याआधी स्मिता पाटील याच केंद्रावर बातम्या वाचायच्या.

बाहेरचं चित्रीकरण 16 मिलिमीटर फिल्मवर. रीळ आणायचं, धुवायचं, वाळवायचं, कापायचं, जोडायचं, आणि बातम्यांची वेळ गाठायची. आज मोबाइलवर चार मिनिटांत होतं ते.

स्टुडिओतलं काम टेपवर. टेप परदेशातून यायची, महाग पडायची. नव्या कार्यक्रमाला टेप हवी? जुना कार्यक्रम पुसा.

[डब्याचं लेबल, अगदी जवळून]
तीन ओळी. वरच्या दोन निळ्या शाईने खोडलेल्या. पहिलीतलं फक्त ‘भाग 2’ एवढंच लागतंय. डब्यात आहे ती तिसरी ओळ.

सुरुवातीच्या वर्षांतलं बरंच काही असंच गेलं.

[दुरुस्तीचं टेबल]
उरलंय ते वाचवायचं कसं? ही यू-मॅटिक, म्हणजे जुन्या पद्धतीची व्हिडिओ कॅसेट, फीत पाऊण इंच रुंद. फितीवरचा चुंबकीय थर एका चिकट द्रव्याने धरलेला असतो. दमट हवेत ते ओलावा पितं आणि फीत चिकटू लागते. आणि मुंबईत दमट नसलेला महिना कुठला? तशीच मशीनमध्ये घातली तर ती किरकिरते, फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राप साचतो. तो राप म्हणजेच खरवडून निघालेलं चित्र.

म्हणून आधी ओव्हन. साधारण 50 अंश, कित्येक तास. मग फीत पूर्ण गार होऊ द्यायची. मग एकदा पुढे, एकदा मागे, सावकाश गुंडाळायची. हेड स्पिरिटने पुसायचं. कापसाचे बोळे वापरू नका, धागा अडकतो.

[मॉनिटर]
तळाशी पांढरी रेघ थरथरतेय. ट्रॅकिंगचा नॉब किंचित डावीकडे... अजून किंचित. बसली.

आता थांबायचं. तासाची टेप उतरवायला तासच लागतो, घाई केलेली तिला चालत नाही. मध्येच चित्र फाटलं की पुन्हा हेड साफ, पुन्हा पहिल्यापासून. मशीन आता कुणी बनवत नाही. बंद पडलेल्या एकाचे पट्टे आणि मोटर काढून दुसरं चालवायचं.

[सह्याद्रीचं बोधचिन्ह]
1982 मध्ये रंग आले. 1994 मध्ये मराठीला स्वतंत्र वाहिनी मिळाली, 5 एप्रिल 2000 पासून तिचं नाव सह्याद्री. मग केबल, डिश, मोबाइल. प्रेक्षक पांगला, अँटेना भंगारात गेल्या.

[पुन्हा टेबल, हात]
या कॅसेटमधली मुलाखत उतरली. तपशील लगेच लिहायचा: कोण, कशावर, किती मिनिटं. पडद्यावरचा चेहरा ओळखणारी माणसं आहेत तोवर हे काम सोपं आहे. त्यांना आत्ताच बोलवायला हवं.