तीनशे डीपीआय, पण किती इंचांवर?

मित्रहो, छपाईसाठी फोटो मागवला की एक प्रश्न हमखास येतो: "तीनशे डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके) आहे ना?" देणाराही छातीठोकपणे "आहे" म्हणतो. फोटो किती इंचांवर छापायचा, हे मात्र दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

फाईलमध्ये असतात आडवे काही पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, आणि उभे काही पिक्सेल. डीपीआय हा फाईलला चिकटवलेला निव्वळ एक आकडा. फोटोशॉपमध्ये 'रिसॅम्पल'ची खूण काढा आणि ७२ चे ३०० करा. एकही पिक्सेल हलत नाही, फक्त छापील आकार आक्रसतो. खूण तशीच ठेवली तर सॉफ्टवेअर शेजारपाजारचे पिक्सेल बघून अंदाजाने नवे भरतं. फाईल फुगते, पण जो तपशील टिपलाच गेला नाही तो येणार कुठून?

म्हणून आधी भागाकार करा. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० × ३००० पिक्सेल. तीनशेने भागलं की १३.३ × १० इंच. ए-४ पानाला ३५०८ × २४८० लागतात, म्हणजे पान आरामात भरतं. पण त्याच फोटोतल्या मागच्या रांगेतला एक चेहरा कापून घेतला आणि हाती ३०० पिक्सेल उरले, तर तो एक इंचच छापता येईल. तोच पानभर ताणला की फोटो फाटणारच, म्हणजे धूसर, चौकटी-चौकटींचा दिसणार.

हे तीनशे आले कुठून? ऑफसेट छपाईत चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीतून छापलं जातं. गुळगुळीत कागदावर ही जाळी बहुधा इंचाला १५० ओळींची असते आणि पिक्सेल त्याच्या दुप्पट ठेवायचे, असा ठोकताळा आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून जाळी ८५ ते १०० ओळींची. तिथे १७० ते २०० पुरतात.

दुसरी बाजू डोळ्याची. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. फूटभरावरून ते अंतर सुमारे ०.०९ मिलिमीटर भरतं, म्हणजे इंचाला तीनशेच्या आसपास. दहा मीटरवरून तेच जवळजवळ ३ मिलिमीटर. मग २० × १० फुटांच्या फलकासाठी तीनशेचा हट्ट धरणाऱ्याला काय म्हणावं? ती फाईल २५९ कोटी पिक्सेलची होईल! लांबून बघायच्या फलकाला इंचाला तीस-चाळीसही खूप झाले.

पडद्यावर तर डीपीआयला कुणी विचारतच नाही. ब्राउझर पिक्सेल मोजतो. ८०० पिक्सेल रुंदीच्या जागेत, दाट पिक्सेलच्या पडद्यांचा विचार करून, १६०० पिक्सेलचं चित्र द्या. ४००० चं दिलंत तर पान उघडायला वेळ लागेल, एवढंच.

आता फॉरमॅट, म्हणजे फाईलचा प्रकार. १९९२ मध्ये प्रमाणित झालेलं जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाही तो तपशील टाकून देतं. फोटोत हे खपून जातं. पण जेपीईजीतलं मराठी शीर्षक चारशे टक्क्यांवर बघा: शिरोरेषेच्या वर-खाली करडी धूळ उडालेली दिसेल. बदल करून पुन्हा सेव्ह करत राहिलात की ती वाढत जाते. यावर काही जण तेच जेपीईजी टिफ किंवा पीएनजी म्हणून सेव्ह करतात आणि निश्चिंत होतात. त्याने धूळ जात नाही, इमानेइतबारे जपली जाते.

पडद्यावरच्या आकृत्या आणि स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवा. फोटो मात्र त्यात विनाकारण जड होतो. लोगो आणि अक्षरं व्हेक्टरच (पिक्सेलऐवजी रेषांनी आखलेली, कितीही मोठी करता येणारी) हवीत: वेबला एसव्हीजी, छपाईला पीडीएफ. वेबपी आणि एव्हीआयएफ वेबवर उत्तम, पण छापखान्यात पाठवू नका. पीएनजीत सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) नसतं, म्हणून छपाईचा फोटो टिफ किंवा कमी दाबलेला जेपीईजी असावा. सीएमवायकेत बदलताना रंगांचं प्रोफाईल (त्यांच्या यंत्रावर आणि कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाईल) छापखान्याकडूनच मागून घ्या. पडद्यावरचा झगझगीत हिरवा चार शाईंत उतरत नाही. तो मंद होणार, हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.

आणि मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर अ‍ॅप तो वाटेतच छोटा करतं. लांब बाजू १६०० वर आली, तर तीनशेच्या हिशेबाने सव्वापाच इंचच हाती येतात. मुखपृष्ठाचा फोटो असेल, तर हा भागाकार मांडणीला बसण्यापूर्वी करा.