पेरूचा नकाशा आणि पिवळं कार्ड

मंडळी, पेरूला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणकोणत्या लशी घ्यायच्या? उत्तर देण्याआधी सहलीचा कार्यक्रम समोर ठेवावा लागतो, कारण पेरूत तीन अगदी वेगळे पट्टे आहेत. पश्चिमेला वाळवंटी किनारा, मध्ये अँडीज पर्वत, पूर्वेला अॅमेझॉनचं जंगल. लिमा किनाऱ्यावर, कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, माचू पिचू २,४३० मीटरवर आणि जंगलातली इकितोस, पुएर्तो माल्दोनादो ही शहरं पुन्हा अगदी खाली. रोग पसरवणाऱ्या डासांना थंड उंची मानवत नाही. त्यामुळे गावाच्या नावाबरोबर त्याची उंचीही लिहून आणा.

पीतज्वर, म्हणजे यलो फीवर, अँडीजच्या पूर्वेकडे २,३०० मीटरखालच्या भागात होतो. फक्त लिमा, कुस्को आणि माचू पिचू पाहणाऱ्याला तब्येतीच्या कारणासाठी ही लस लागत नाही. पण माचू पिचूला रेल्वेऐवजी सांता तेरेसाच्या बाजूने गाडीने जाल, तर रस्ता या रेषेच्या बराच खाली उतरतो आणि उत्तर बदलतं.

इथपर्यंत झाली डॉक्टरची बाजू. कायद्याची बाजू निराळी आहे आणि तिथेच माणसं अडकतात. भारताच्या पीतज्वराच्या यादीत अख्खा पेरू आहे. तिथून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि ही लस घेतल्याचं वैध पिवळं कार्ड नसेल, तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. तुम्ही जंगलात पाऊल टाकलं की नाही, हे तिथे विचारत नाहीत. जाताना किंवा येताना साओ पाउलोला विमान बदलणार असाल, तर ब्राझीलही त्याच यादीत आहे. हा नियम जाचक वाटतो, पण योग्य आहे. आपल्याकडे पीतज्वर नाही, मात्र तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे आणि लोकांच्या अंगात प्रतिकारशक्ती नाही. एक रुग्ण शहरात आला तर काय होईल, हे मुंबई-पुण्याच्या डेंग्यूवरून ओळखा.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच मिळते. मुंबईत बंदर आणि विमानतळाची आरोग्य केंद्रं, पुण्यात ससून, गोव्यात मुरगाव बंदर. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि पूड द्रावात मिसळली की ती ६ तासांत संपवावी लागते, नाहीतर टाकून द्यावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी, आधी नोंदवलेल्यांनाच बोलावतात. शेवटच्या आठवड्यात जागा मिळाली नाही, ही तक्रार यातूनच येते. डोस एकच, ०.५ मिली, आणि कार्ड टोचल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं. १ तारखेला टोचली, तर ११ तारखेपासून. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे जुनं कार्ड असेल तर शोधून काढा. नाव पासपोर्टप्रमाणे, लशीचा बॅच क्रमांक, सही आणि केंद्राचा शिक्का हे सगळं तिथेच उभं राहून तपासा.

ही जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. गोवर किंवा कांजिण्यांची लसही घ्यायची असेल, तर दोन्ही एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर मध्ये ४ आठवडे जाऊ द्यावेत. ९ महिन्यांखालचं बाळ, गरोदर स्त्री, अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनी डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय केंद्राकडे जाऊ नये. साठी ओलांडलेल्यांमध्ये पहिल्या डोसनंतर गंभीर त्रास क्वचितच होतो, पण तरुणांपेक्षा जास्त. अशा आजी-आजोबांना फक्त कार्डासाठी लस द्यायची की सहलीचा बेतच बदलायचा, हा खरा विचार करण्याचा मुद्दा आहे. डॉक्टरचं सूटपत्र आणलं तरी विलगीकरण टळेलच, असं धरू नका.

मलेरियावर प्रवाशासाठी नेहमीची लस नाही, गोळ्या आहेत. लिमा, कुस्को, माचू पिचूसाठी त्यांची गरज नाही. इकितोसच्या लोरेतो प्रांतात आणि जंगलात आहे. क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध तिथे भरवशाचं नाही. अॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल जंगलात शिरण्याच्या १-२ दिवस आधी सुरू करून रोज घ्यायचं आणि बाहेर पडल्यावर ७ दिवस चालू ठेवायचं. दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी ते अंगात नीट शोषलं जात नाही. डॉक्सिसायक्लिन बाहेर पडल्यावर २८ दिवस घ्यावं लागतं आणि त्याने कातडी उन्हाला नाजूक होते. जंगलातून थेट कुस्कोच्या कडक उन्हात जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. बहुतेक चूक शेवटीच होते: डास दिसेनासे झाले की गोळ्या बंद.

डेंग्यू तिथेही आहे, २०२३ मध्ये मोठी साथ येऊन गेली. आपल्यातल्या अनेकांना तो इथेच होऊन गेलेला असतो. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारच्या विषाणूचा झाला, तर आजार बळावण्याची शक्यता वाढते. एडिस दिवसा चावतो, म्हणून नुसत्या मच्छरदाणीवर भागत नाही. २० ते ३० टक्के डीईईटी (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम वापरा, आधी सनस्क्रीन आणि त्यावर ते. ताप आला तर पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको.

रेबीज म्हटलं की आपल्याला कुत्रा आठवतो. अॅमेझॉनमध्ये रक्त पिणारी वटवाघळं झोपलेल्या माणसाला चावतात आणि जाग येईलच असं नाही. उघड्या झोपडीत राहणार असाल, तर आधीच ० आणि ७ व्या दिवशी अशा दोन लशी घ्या. पुढे चावा झालाच, तर १५ मिनिटं साबण-पाण्याने धुऊन ० आणि ३ व्या दिवशी आणखी दोन पुरतात. जंगलात मिळवायला अवघड असलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही मग लागत नाही.

टायफॉइडची लस सगळ्यांनीच घ्यावी. कुस्कोच्या उंचीवर विरळ हवेने होणाऱ्या त्रासावर मात्र कुठलीच लस नाही. लिमाहून विमान सव्वा-दीड तासात पोहोचवतं. पहिल्या रात्री कुस्कोत न राहता २,८०० मीटरवरच्या ओयान्तायताम्बोकडे उतरा. हा त्रास टाळायला अॅसिटाझोलामाइडची गोळी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून, पण डॉक्टरांना विचारून आणि सल्फाची अॅलर्जी नसेल तरच. तिथे कोकाचा चहा सर्रास देतात, पण ती पानं भारतात आणणं गुन्हा आहे.

परतल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा: मी पेरूच्या जंगलात होतो. व्हायवॅक्स या प्रकारचा मलेरिया यकृतात दडून काही महिन्यांनीही उठतो. आणखी एक गोष्ट सांगा. मलेरियाच्या झटपट चाचणीची पट्टी फाल्सिपॅरम हा त्याचा जास्त घातक प्रकार ओळखायला बहुधा एकच प्रथिन शोधते, आणि पेरूच्या अॅमेझॉनमधल्या अनेक परजीवींमध्ये त्या प्रथिनाचं जनुकच नाही, असं २०१० मध्ये दिसून आलं. पट्टी कोरी आली तरी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, आणि तीही कोरी निघाली तर १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा दोनदा.