चिकटपट्टी धरणारा डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेत मला मेडिसिनला बरे मार्क होते. इंटर्नशिपच्या पहिल्याच रात्री जुलाबानं मलूल झालेलं दीड वर्षाचं पोर आलं. सलाईन किती, किती तासांत, सगळं तोंडपाठ. शीर मात्र सापडेना. दोनदा टोचलं, दोन्हीदा फुगलं. शेवटी सिस्टरांनी पोराचा पाय हातात घेतला, घोट्याजवळ टिचकी मारली आणि सुई आत. मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही चिकटपट्टी धरा." धरली.

ऑगस्ट २०१९ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून आपल्या देशात एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. विद्यार्थ्याला काय येतं, यावर त्याचा भर. प्रत्येक क्षमतेपुढे अक्षरं असतात: 'के' म्हणजे माहीत आहे, 'केएच' म्हणजे कसं करायचं ते सांगता येतं, 'एसएच' म्हणजे करून दाखवता येतं, 'पी' म्हणजे एकट्यानं करता येतं. अमेरिकेतले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये अशीच उतरंड मांडली होती. आपल्याकडे 'पी' फार थोड्यांपुढे आहे. माझी सलाईनची रात्र नेमकी तिथली.

पेशंटशी बोलणंही आता शिकवलं जातं, तपासलंही जातं. आमच्याकडे सरावाला निवृत्त झालेल्या एक मावशी पेशंट होऊन बसतात. नुकताच मधुमेह निघालाय, असं सोंग. एका मुलानं एचबीएवनसी या साखरेच्या तपासणीपासून मेटफॉर्मिनच्या गोळीपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे आंबा बंद का?" मुलगा गप्प! पुढची मुलगी आधी स्टूल ओढून बसली आणि विचारलं, "मावशी, दिवसभरात काय काय खाता?" मावशींनी तिला मनापासून मार्क दिले. ते आम्ही धरत नाही, पण धरावेत असं मला वाटतं.

आता दुखणं सांगतो. हे सगळं नोंदवायला लॉगबुक आहे आणि त्यात शिक्षकाची सही लागते. दीडशेची तुकडी, शिक्षक मोजके. टर्म संपत आली की वह्यांचे गठ्ठे येतात आणि एका दुपारी सह्या उरकतात. मीही उरकल्या आहेत, खोटं कशाला बोलू? त्यात इंटर्नशिपचं वर्ष पोरं नीट-पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या, प्रश्नसंचांत घालवतात. त्यांना दोष कसा देणार? त्या परीक्षेत शीर शोधावी लागत नाही. उद्या गावात दवाखाना टाकणाऱ्याला मात्र ती रोज शोधायची असते.

गेल्या वर्षापासून मी पाहिल्याशिवाय सही करत नाही. परवा एक मुलगी वही घेऊन आली. तिला वॉर्डात नेलं, तीन पेशंट दाखवले. दोघांची शीर पहिल्याच टोचण्यात मिळाली, तिसऱ्या आजोबांची निसटली. मी पेन काढलं तर तिनं वही मिटली.

"सर, राहू द्या. पुढच्या सोमवारी परत येते."

नमस्कार.