उद्या शाळा भरणार, घरासकट

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. करोनामुळे दीड वर्ष बंद असलेली शाळा उद्या भरणार आहे. शहरातले आठवी ते बारावीचे आणि खेड्यांतले पाचवी ते बारावीचे वर्ग उद्यापासून सुरू होतायत. मी सोलापुरातल्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये इतिहास शिकवते. परवा आठवीचा वर्ग झाडायला उघडला. नववी-दहावीचे वर्ग मधे थोडे दिवस भरले होते, पण धाकट्यांच्या वर्गांचं कुलूप आमच्याकडे निघालंच नव्हतं. आत फळ्यावर तारीख होती, शनिवार, १४ मार्च. साल २०२०. खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'गृहपाठ : नकाशा पूर्ण करा.' आमच्या मावशी ओलं फडकं घेऊन पुढे झाल्या आणि थबकल्या. म्हणाल्या, "मॅडम, पुसू का?" मी म्हटलं, राहू द्या. मुलं येतील, तीच पुसतील.

आधी कामाचं सांगते. पालकांनो, कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. तीन गोष्टी. तुमच्या सहीचं संमतीपत्र, नाक-तोंड झाकणारा मास्क, आणि घरची पाण्याची बाटली. पुन्हा सांगते. संमतीपत्र, मास्क, पाण्याची बाटली. मुलाला कणकण वाटत असेल, खोकला असेल, तर घरीच ठेवा. हजेरीची सक्ती नाही, गैरहजेरीचा शेरा पडणार नाही. एका बाकावर एकच मूल बसेल. शिक्षकांच्या लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत. मुलांना लस अजून यायची आहे, म्हणून खिडक्या उघड्या आणि मास्क नाकावर, एवढंच सध्या आपल्या हातात आहे. हनुवटीवरचा मास्क मास्क नव्हे.

आणि डबा. डबा एकमेकांत वाटून खायचा नाही, हे सांगताना मला फार जड जातंय. सोलापूरच्या पोराला सांगायचं की शेजारच्याच्या डब्यातली शेंगाचटणी घेऊ नकोस! पण तूर्त तसंच करावं लागेल. मात्र डबा घरचाच द्या. कडक भाकरी द्या, वर शेंगाचटणी, थोडं दही. कडक भाकरी विटत नाही, सांडत नाही, दुपारपर्यंत जशीच्या तशी राहते. पाकिटातलं खाऊन या दीड वर्षात मुलं जड झाली आहेत, लवकर दमतात. मी हे बैठकीत बोलले तेव्हा काही पालकांना आवडलं नाही. तरी पुन्हा सांगते, भाकरी द्या.

आता मला खरं जे बोलायचंय ते. आपण म्हणतो, मुलं शाळेत परत येतायत. मला वाटतं, घरं परत येतायत. कारण हे दीड वर्ष शाळा घरात भरत होती, आणि घरातली माणसं त्या वर्गात बसलेली होती. आम्हाला दिसत नव्हती एवढंच. ही गोष्ट मला एका अव्वानं शिकवली.

अव्वा म्हणजे आजी. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत हाक तीच. तिचा नातू आमच्या शाळेत आठवीत आहे. नाव सांगत नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांमधून तो पहिलीला आमच्याकडे आला. वडील यंत्रमागावर कामाला. राहायला मागाच्या कारखान्यालाच लागून एक खोली. मधे एक भिंत. भिंतीच्या पलीकडे माग, अलीकडे संसार.

२०२० च्या जूनमध्ये आमचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले. टाळेबंदीत बंद पडलेले माग पुढे पुन्हा सुरू झाले, आणि एक दिवस या मुलानं उत्तर द्यायला माईक उघडला. खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. सगळ्या वर्गाच्या कानात. पोरं हसली. एकानं विचारलं, "तुझ्या घरातनं रेल्वे जाते का रे?" आणि मी काय केलं? मी म्हटलं, "बाळा, तुझा माईक बंद ठेव. सगळ्यांना त्रास होतोय."

त्यानं बंद ठेवला. त्या दिवसापुरता नाही, वर्षभर. हजेरीला चौकटीत नुसतं नाव दिसायचं. मी हजर म्हणून खूण करायची आणि पुढे जायची.

यंदा सप्टेंबरात शाळा उघडणार अशी चिन्हं दिसायला लागली, तशी आम्ही संमतीपत्रं मागवली. वर्गातल्या सगळ्यांची आली, याचंच आलं नाही. फोन लागेना. मग एका दुपारी मी स्कूटर काढली आणि अक्कलकोट रोडच्या बाजूला त्याचं घर शोधत गेले. बोळात शिरले तसा आवाज आला, खटाक्-खटाक्. त्या आवाजानंच घर सापडलं.

दारात अव्वा बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेल्या तेंदूच्या पानांची चवड. पत्र्याच्या मापावर पान ठेवायचं, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. बोटं काम करत होती आणि डोळे माझ्याकडे होते. मी माझं नाव सांगितलं. तिनं नाव ऐकलं नसेल, आवाज ऐकला. म्हणाली, "हिस्टरीच्या मॅडम ना तुम्ही?"

मी चकित झाले. आमची भेट कधीच झाली नव्हती.

नातवाचा इअरफोन पहिल्याच महिन्यात मोडला होता. मागाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तो फोन मोठ्या आवाजावर लावून अव्वाच्या सुपाशेजारी ठेवायचा, कारण खोलीत रेंज होती ती तेवढ्या उंबऱ्यापाशीच. अव्वा बिड्या वळत वळत माझे सगळे तास ऐकत होती. जी बाई आयुष्यात शाळेत गेली नाही, तिनं सातवीचा इतिहास पूर्ण केला होता. पाण्याच्या दिवशी तेवढा तास बुडायचा, म्हणाली. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो, त्या दिवशी घागरी आधी, मग बाकी सगळं. त्यात तिची काय चूक.

तिनं मला गोणपाट टाकलं. मी बसले. आणि तिनं सरळ विचारलं, "मॅडम, त्या डाक्टरचं पुढं काय झालं वो?"

मला कळेना, कोणता डॉक्टर. नातू आतून बाहेर आला, हळूच म्हणाला, "कोटणीस, मॅडम. पाचजण गेलेले, चारजण परत आले, तिथं आमचं नेट संपलं."

श्रोतेहो, ९ डिसेंबर ही डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची पुण्यतिथी. गेल्या वर्षी त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवून त्यांची गोष्ट सांगितली होती. त्या घरात ती अर्ध्यातच तुटली, आणि अव्वा डिसेंबरापासून सप्टेंबरापर्यंत तिथंच थांबली होती. मी नऊ महिने पुढे गेले होते. ती त्या चौघांपाशी उभी होती.

मग मी तिला राहिलेली गोष्ट सांगितली. आपल्या सोलापूरचा हा मुलगा, जन्म १९१०. मुंबईत डॉक्टर झाला. चीनवर जपाननं हल्ला केलेला, जखमींना डॉक्टर मिळेनात. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक निघालं, त्यात हा. बाकीचे चौघं यथावकाश परतले. हा थांबला. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकला, पुढे कॅनडाच्या डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या तिथल्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचा प्रमुख झाला. तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं इनहुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ते बाळ काही महिन्यांचं असताना, १९४२ च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांचा हा डॉक्टर तिथंच गेला.

अव्वाची कात्री थांबली होती. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "भैय्या चौकात त्याचं घर हाय म्हणता ना? मी तिथनं किती वेळा गेली."

इथे एक सांगून टाकते. आमच्या शाळेच्या नावात इंटरनॅशनल आहे, आणि पालक मला विचारतात की मॅडम, इंटरनॅशनल म्हणजे नक्की काय देता? संगणक, स्विमिंग, परदेशी पुस्तकं, हे सगळं असतंच. पण माझ्या लेखी इंटरनॅशनल या शब्दाचा अर्थ भैय्या चौकातल्या त्या घराला माहीत आहे. आपल्या मुलांना तो शब्द तिथे नेऊन शिकवायला हवा.

आता या गोष्टीतला माझ्या जिवाला लागलेला भाग. मी उठायला लागले तशी अव्वा म्हणाली, "एक बोलू का? रागावू नका." मी म्हटलं, बोला की. म्हणाली, "ते मच्छलीपट्टणच्या कापडाचं शिकवलं ना तुम्ही, विणकरांचं. तवा ताणा आन् बाणा उलटं सांगितलं वो."

खरं होतं. ताणा म्हणजे मागावर लांबीत ओढून धरलेले धागे, आणि धोट्याबरोबर इकडून तिकडे आडवा जातो तो बाणा. मी तासाला नेमकं उलटं सांगितलं होतं. मी नातवाकडे वळले. विचारलं, "तुला कळलं होतं?" तो म्हणाला, "हो मॅडम." "मग बोलला का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "माईक बंद होता, मॅडम."

पलीकडे माग चाललेच होते. खटाक्-खटाक्. सबंध वर्गात ताणा कशाला म्हणतात हे डोळे मिटून सांगणारा एकच मुलगा होता, आणि त्यालाच मी गप्प बसवलं होतं. मी तिथं त्याची माफी मागितली. उद्या वर्गासमोर पुन्हा मागणार आहे, कारण माईक बंद कर हे मी वर्गासमोर म्हटलं होतं.

संमतीपत्र का आलं नव्हतं, तर वडील दुसऱ्या लाटेत आजारी पडले, उठले, पण काम अर्ध्यावर आलं. फोन विकला. आणि त्यांना वाटत होतं की आठवीनंतर फुकट शिक्षण संपणार, मग आता वर्षासाठी कशाला पाठवायचं. कायद्यातली ही मर्यादा मला मुळीच मान्य नाही. आठवीचं पोर म्हणजे तेरा-चौदा वर्षांचं. अशा वेळी दार लावायचं? ती मर्यादा दहावीपर्यंत गेली पाहिजे, बारावीपर्यंत गेली पाहिजे. हे मी जिथे जाईन तिथे बोलते, आज इथे बोलले. तूर्त आमच्या संस्थेनं त्याच्या पुढच्या दोन वर्षांचा शब्द दिलाय. वडिलांनी सही केली.

तर श्रोतेहो, घरात शाळा गेली ती या एकाच घरात नाही. आपल्या निलमनगरात आशा मराठी विद्यालयानं वस्तीतल्या घरांच्या भिंतीच धड्यांनी रंगवल्या. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी भिंतीवर वाचावं म्हणून. ते धडे तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना गेल्या डिसेंबरात जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. त्यांनी पुस्तकांत घातलेले क्यूआर कोडही घरातल्या फोनवरच उघडत होते. सह्याद्री वाहिनीवरची 'टिली मिली' ही अभ्यासाची मालिका किती आज्यांनी नातवंडांबरोबर पाहिली असेल. ही सगळी माणसं आमच्या वर्गात होती. उद्या मुलं शाळेत येतील आणि या माणसांचा वर्ग अचानक बंद होईल. हे मला पटत नाही.

म्हणून आम्ही ठरवलंय. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या अंगणात, कडुलिंबाखाली, उघड्यावर, अंतर ठेवून वर्ग भरेल. त्यात घरचं माणूस येऊन बसेल. आई, आजोबा, आत्या, कुणीही. एका घरातून एकच माणूस, मास्क लावून. पुन्हा सांगते, एका घरातून एकच माणूस, मास्क लावून. घरात जी भाषा बोलता ती बोला. तेलुगू बोला, कानडी बोला, उर्दू बोला. इंग्रजी येत नाही म्हणून फाटकाबाहेर उभं राहू नका. आणि मुलांना पहिल्या आठवड्यात अभ्यासक्रम कुठवर आला हे विचारणार नाही. घरी कोण कसं आहे हे विचारणार आहोत. काही घरांत एक माणूस कमी झालंय. ते मुलाला सांगावंसं वाटेल तेव्हा ऐकायला तास राखून ठेवलाय.

असा पहिला वर्ग येत्या शनिवारी, ९ ऑक्टोबरला. दुसऱ्या दिवशी रविवारी डॉक्टर कोटणीसांची जयंती. अव्वाला मी बोलावलंय. कोटणीसांची गोष्ट ती सांगणार, शेवटापर्यंत. तिनं विचारलं, "तेलुगूत सांगितलं तर चालंल का?" मी म्हटलं, चालेल, नातू मराठीत सांगेल. सकाळी बिड्यांचा माल देऊन मग येते म्हणाली. आणि येताना दोऱ्याची दोन रिळं आणणार आहे. बाकाच्या दोन पायांना बांधून दाखवते म्हणाली, ताणा कुठला आणि बाणा कुठला.

नमस्कार.