यादीत नसलेल्या विषाचा शोध

मित्रहो, पाण्याची तपासणी बहुधा एका यादीनुसार होते. शिसे, आर्सेनिक, ठरावीक कीटकनाशके मोजली जातात आणि सारे आकडे मर्यादेत असले की पाणी निर्धोक ठरते. पण ज्याचे नावच कोणाला ठाऊक नाही, तो पदार्थ या पद्धतीने सापडणार कसा?

अमेरिकेतील सिअ‍ॅटल परिसरात कोहो सामन हे मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून ओढ्यांत परततात. पावसाचे पाणी रस्ते धुऊन ओढ्यात उतरले की हे मासे काही तासांतच भरकटू लागत आणि अंडी न घालताच मरत. धातू, कीटकनाशके, रोग, प्राणवायूची कमतरता अशी सारी कारणे तपासली गेली, तरी उलगडा होईना.

तेव्हा संशोधकांनी यादी बाजूला ठेवून माशालाच विचारायचे ठरवले. टायरचा चुरा भिजवलेले पाणी कोहोंना मारते हे दिसल्यावर, दोन हजारांहून अधिक रसायनांचे ते मिश्रण गुणधर्मांनुसार वेगळे करत गेले. प्रत्येक भागात कोहोची पिल्ले सोडायची, ज्या भागात ती मरतील तोच पुढे विभागायचा आणि उरलेल्या पदार्थांचे नेमके वस्तुमान मास स्पेक्ट्रोमीटरने मोजायचे, असा तो चिकाटीचा क्रम होता. शेवटी हाती लागलेल्या रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू होते. असा पदार्थ टायर बनवताना कोणी घालतच नाही. घालतात ते ६पीपीडी, ज्यात हायड्रोजनचे अणू २४ असतात आणि ऑक्सिजन मुळीच नसतो. हवेतल्या ओझोनने रबराला तडे जाऊ नयेत म्हणून ते स्वतःच ओझोनशी संयोग पावते, आणि त्यातूनच ६पीपीडी-क्विनोन हे विष तयार होते. हा शोध २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. म्हणजे केवळ उत्पादकाने दिलेली घटकांची नोंद तपासून भागत नाही. तो घटक पुढे कशात बदलतो, हेही पाहावे लागते.

धोक्याचे मोजमाप त्याहून अवघड ठरले. निम्मे कोहो मारणारी मात्रा आधी लिटरमागे सुमारे ८०० नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) मानली गेली होती. शुद्ध प्रमाणित नमुना मिळाल्यावर २०२२ मध्ये ती सुमारे ९५ नॅनोग्रॅमवर आली. इंद्रधनुषी ट्राउटलाही हे विष बाधते, मात्र कोहोचा जवळचा नातलग असलेला चम सामन ते सहन करतो. म्हणून एका जातीवरचा निष्कर्ष दुसरीला लावता येत नाही, आणि टायर आपल्या रस्त्यांवरही झिजत असले तरी कृष्णा-गोदावरीतील माशांविषयीचे उत्तर त्याच माशांवर प्रयोग करून मिळवावे लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये गोड्या पाण्यातील जीवांसाठी लिटरमागे ११ नॅनोग्रॅम ही तपासणी-पातळी, म्हणजे जिच्यावर गेल्यास धोका आहे का ते पाहावे अशी पातळी, सुचवली. रस्त्याचे पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपू दिले तर कोहो वाचतात, हेही सिद्ध झाले आहे. टायर सुरक्षित ठेवील आणि माशांनाही अपाय करणार नाही, अशा पर्यायी रसायनाचा शोध अजून चालू आहे.